मुकुटाची घंटा

दुपारी जेवण झाल्यावर फोन चाळत लोळत होते तर एका जुन्या शाईदाणीचा फोटो समोर आला. सोनेरी नक्षी, मधोमध उशीवर ठेवलेला मुकुट, दोन्हीकडे एकेक गोल. म्हटलं झालं, शोकेसमध्ये ठेवून आयुष्यभर धूळ पुसायची अजून एक वस्तू. मग माहिती वाचली आणि उठूनच बसले. फ्रान्समधल्या सेव्रच्या कारखान्यातली, १७५८ च्या सुमाराची, चिनी मातीची, आता लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात असते. पृथ्वीच्या गोलात शाई. आकाशाच्या गोलावरच्या चांदण्या म्हणजे चक्क भोकं, त्यातून ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरवायची. आणि मुकुट? ती नोकराला बोलवायची घंटा! पंधराव्या लुईच्या जमान्यात मुकुटाची घंटा करायची म्हणजे डेरिंगच की, आणि राजाला ते चाललंही.

शाळेत एका मुलीकडे बटणांची कंपासपेटी होती. एक बटण दाबलं की शार्पनर बाहेर, दुसरं दाबलं की खोडरबराचा खण उघडायचा, आणि पूर्ण वर्ग मधल्या सुट्टीत तिच्या बाकाभोवती. ती फक्त जवळच्या मैत्रिणींनाच दाबू द्यायची, मी काही त्यात नव्हते. तेव्हापासून ही खोड लागलीये, कुठलंही जुनं कपाट, पेटी, टेबल दिसलं की कोरीवकामातलं प्रत्येक फूल एकदा दाबून बघायचं. लोक बघतात, बघू देत.

जुन्या शाईदाण्यांत तर दाबायला, ओढायला बरंच असतं. पिसाच्या लेखणीला टोक काढायच्या चाकूसाठी खण, पत्रावर मोहोर लावायची लाख वितळवायला इवलीशी मेणबत्तीची बैठक. आणि एवढा सोन्याचा थाट असून शाई मात्र आतल्या काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या साध्या वाटीत, कारण तेव्हाची शाई माजूफळ आणि हिराकशीची (म्हणजे लोखंडाच्या क्षाराची), आंबट, धातू खाणारी. म्हणजे सगळं काम ती वाटी करणार आणि मिरवणार बाहेरचं. असो, ओळखीचं वाटलं म्हणून लिहिलं.

तो मुलामाही काही साधा नाही. ब्राँझच्या शाईदाण्यांवर सोनं पाऱ्यात कालवून फासायचे आणि मग विस्तवावर धरायचे, पारा उडून जायचा, सोनं चिकटून राहायचं. उडालेला पारा जायचा कारागिराच्या छातीत. हात थरथरायला लागायचे, दात हलायचे. हे वाचल्यावर त्या झळाळीकडे नीट बघवेना.

सेव्रच्या शाईदाणीत पारा होता की नाही ते सोडा, मी अजून घंटेपाशीच अडकलेय. शाई हाताशी, वाळू हाताशी, सगळं बसल्या जागी, मग घंटा वाजवून बोलावलेला नोकर आत येऊन करत काय असेल? बहुतेक शाईच भरत असेल.