11वा हार्मोनिक आणि मिळता मिळेना असा एक आकडा

साताऱ्याच्या पठारावरच्या 40 मेगावॅटच्या पवन प्रकल्पाचं हार्मोनिकचं (50 हर्ट्झच्या पटीत येणाऱ्या नको असलेल्या फ्रिक्वेन्सींचं; 11वा म्हणजे 550 हर्ट्झ) काम आम्ही मुंबईतून, अंधेरीच्या कार्यालयातून करत होतो. अभ्यास, मोजणी, दुरुस्ती आणि पुन्हा मोजणी एवढंच काम होतं, आणि ते महिन्याभरात आटोपायला हवं होतं. सात आठवडे गेले ते टर्बाइनमधल्या फिल्टर कपॅसिटरचा आकडा मिळवण्यात. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून तेच सविस्तर लिहितोय.

प्रकल्पात 2 मेगावॅटची 20 टर्बाइन्स आहेत. प्रत्येकाचा पूर्ण क्षमतेचा कन्व्हर्टर 690 व्होल्टचा, स्विचिंग 2.5 किलोहर्ट्झ, आणि वर 2.2 एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. 33 केव्हीची केबल साधारण 20 किलोमीटर. पुढे 33/132 केव्हीचा 50 एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स 12 टक्के. 132 केव्ही बसवर शॉर्ट सर्किट पातळी (ग्रिड किती भक्कम आहे याचं माप) 2500 एमव्हीए. आयईईई 519 या हार्मोनिकच्या मर्यादा सांगणाऱ्या मानकामध्ये वीजनिर्मिती करणाऱ्यांना करंट मर्यादांची सर्वांत कडक ओळ लागू होते. 132 केव्हीला टीडीडी (सगळ्या हार्मोनिकची मिळून विकृती) 2.5 टक्के, 3 ते 10 क्रमांकांना 2 टक्के, 11 ते 16 ना 1 टक्का. आमचा 11वा हार्मोनिक आठवड्याच्या 95 पर्सेंटाइलला (95 टक्के नोंदी ज्याच्या खाली राहतात त्या पातळीला) 1.6 टक्के निघाला.

अभ्यास अहवालात मात्र सगळं ठीक होतं. केबलची 1.5 एमव्हीएआर रिअॅक्टिव्ह पॉवर आणि 33 केव्हीची 357 एमव्हीए शॉर्ट सर्किट पातळी धरली, की भागाकाराचं वर्गमूळ 15.4 येतं, म्हणजे रेझोनन्स (जिथे हार्मोनिक फुगतो ती फ्रिक्वेन्सी) 770 हर्ट्झला. तिथे कन्व्हर्टर फारसं काही सोडत नाही. टर्बाइनचा प्रत्येक हार्मोनिक टाइप टेस्टच्या (त्या मॉडेलच्या नमुना टर्बाइनच्या चाचणीच्या) तक्त्यातून घेतला होता. दहापेक्षा वरच्या क्रमांकांना बेरजेचा घातांक 2, म्हणून 20 टर्बाइन्सचे करंट बऱ्याच अंशी एकमेकांना खातात. कागदावर 11वा जवळजवळ शून्य होता.

इथेच सगळं अडलं. टाइप टेस्टच्या अहवालात प्रत्येक 10 टक्के पॉवरच्या टप्प्याला 50व्या हार्मोनिकपर्यंत करंटची टक्केवारी असते. ती एखाद्या परक्या ठिकाणच्या ग्रिडवर मोजलेली असते. त्यात फेज अँगल नसतो, आणि ग्रिडकडून पाहिलं तर टर्बाइनचा इम्पिडन्स किती दिसतो हेही नसतं. हे तक्ते घेऊन टर्बाइनला निव्वळ करंट सोर्स मानलं, की कन्व्हर्टरच्या पुढचा फिल्टर कपॅसिटर गणितातून गायब होतो. प्रत्यक्षात मात्र तो टर्बाइन थांबलेलं असतानाही, ब्रेकर उघडलेला नसेल तोवर, ग्रिडला जोडलेलाच असतो.

उत्पादकाच्या मुंबईतल्या कार्यालयाला आम्ही पहिलं पत्र दिलं: फिल्टरच्या सर्किटमधल्या किमती आणि फ्रिक्वेन्सीनुसार इम्पिडन्स द्या. उत्तर म्हणून आला एक फॉर्म, 'मॉडेल डेटा मागणी'. तो भरला. मग 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर गोपनीयतेचा करार. तोही केला, नोटरी केला, लोकलने बीकेसीला जाऊन हातात दिला. तीन आठवड्यांनी पीडीएफ आली. उघडून पाहतो तर तोच टाइप टेस्टचा अहवाल! आम्ही परत पाठवलं, तर "हा प्रश्न मूळ कंपनीकडे पाठवला आहे" असं उत्तर आलं, आणि नंतरच्या तीन फोननाही हेच. मला हे आजही खटकतं. दोन आकडे द्यायचे होते, आणि त्यासाठी पावसाळ्यातला पूर्ण क्षमतेचा वारा आमच्या हातून निसटत होता. मोजणीच्या आठवड्यात पूर्ण क्षमतेचे टप्पे हवे असतात. सप्टेंबरनंतर पठारावर ते मिळत नाहीत, मग पुढच्या जूनची वाट.

मागणी करताना आयईसी टीआर 61400-21-3 या तांत्रिक अहवालाचं नाव घाला. 2019 चा हा दस्तऐवज टर्बाइनच्या हार्मोनिक मॉडेलवरच आहे. थेवेनिन (व्होल्टेज) किंवा नॉर्टन (करंट) स्रोत आणि त्याच्या जोडीचं इम्पिडन्स अशा शब्दांत मागितलं, तर टाइप टेस्टचा तक्ता पुढे करून सुटता येत नाही. आम्ही हे पाचव्या आठवड्यात केलं. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तोवर आकडा दुसऱ्या वाटेने काढला. नियोजित शटडाउनमध्ये एका टर्बाइनच्या कन्व्हर्टरचं कपाट उघडलं. डीसी बस 1100 व्होल्टची आहे, म्हणून ब्रेकर उघडून, अर्थिंग करून, दहा मिनिटं थांबून, मीटरने शून्य तपासूनच आत हात घातला. कपॅसिटरच्या पाटीवर 3 × 200 मायक्रोफॅरॅड. जोडणी डेल्टात. इथे चूक होते ती अशी, की 200 सरळ गणितात घातला जातो. डेल्टाचा स्टार सममूल्य तिप्पट, म्हणजे 600. तेवढ्याने एका टर्बाइनचे 90 केव्हीएआर होतात, 20 चे 1.8 एमव्हीएआर. केबलपेक्षाही जास्त!

कन्व्हर्टरची बाजू उघडी धरून हे कपॅसिटर टर्बाइन ट्रान्सफॉर्मरच्या 6 टक्के रिअॅक्टन्समागे ठेवले आणि हिशेब पुन्हा केला. सगळी 20 टर्बाइन्स जोडलेली असताना रेझोनन्स 482 हर्ट्झला येतो. 10 असताना 563 ला. 11 आणि 12 असताना 554 आणि 544 ला, म्हणजे 550 हर्ट्झ, 11वा हार्मोनिक, अगदी मध्ये. मंद वाऱ्यात काही टर्बाइन्सचे ब्रेकर उघडले जात होते आणि प्रकल्प नेमका त्या संख्येवर येऊन थांबत होता. कन्व्हर्टरमधून थोडा 11वा येतोच. दोन आयजीबीटींमधला (कन्व्हर्टरच्या स्विचेसमधला) डेड टाइम, म्हणजे दोन्ही बंद असण्याचा वेळ, 4 मायक्रोसेकंद असेल, तर 1100 × 4 मायक्रोसेकंद × 2500, म्हणजे 11 व्होल्टची चौकोनी चूक तयार होते, आणि त्यातूनच 5, 7, 11, 13 जन्माला येतात. रेझोनन्स नसता, तर ते कुणाला दिसलेही नसते.

खात्रीसाठी दहा मिनिटांचा 11वा आणि त्या वेळी जोडलेल्या टर्बाइन्सची संख्या असा आलेख काढला. पहिला आलेख नुसता विखुरलेला निघाला, कारण स्काडा (प्रकल्पाची नोंद ठेवणारी संगणक यंत्रणा) भारतीय वेळेत आणि हार्मोनिक मोजणारा अॅनालायझर यूटीसीत होता, साडेपाच तासांचा फरक. घड्याळं जुळवल्यावर 11 आणि 12 वर उंचवटा स्पष्ट उभा राहिला. तो पाहून जो जीव भांड्यात पडला, तो उत्पादकाच्या उत्तराने पडला नाही. सातव्या आठवड्यात त्यांनी आकडा पाठवला: 3 × 200, डेल्टा. सोबत इम्पिडन्सचा वक्रही होता, आणि तो गरजेचाच होता, कारण 550 हर्ट्झला कन्व्हर्टरच्या कंट्रोलचाही वाटा असतो, हाताच्या हिशेबात तो येत नाही.

तात्पुरता उपाय लगेच केला: मंद वाऱ्यातही ब्रेकर उघडायचे नाहीत, सगळी 20 जोडलेली ठेवायची. थोडे नो-लोड लॉसेस सोसावे लागतात, आणि रिअॅक्टिव्ह पॉवरवर लक्ष ठेवावं लागतं. कायमचा उपाय म्हणून कन्व्हर्टरच्या फर्मवेअरमध्ये 500 ते 600 हर्ट्झला व्हर्च्युअल रेझिस्टन्सचं डॅम्पिंग आणि डेड टाइम कॉम्पेन्सेशन घातलं. सगळ्या टर्बाइन्सवर मिळून दोन दिवस लागले. 33 केव्हीवर सी टाइप फिल्टरचं डिझाइनही तयार होतं, ते लागलं नाही. साधा कपॅसिटर बँक मात्र लावू नका. 5 एमव्हीएआर घातले, तर टर्बाइनचे कपॅसिटर सोडूनसुद्धा रेझोनन्स 7.4 वर, 7व्याच्या दारात येऊन बसतो.

मोजणीत आणखी एक गोष्ट. 200/1 च्या सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मरवर) 11व्याची मर्यादा दुय्यम बाजूला फक्त 8.75 मिलिअँपिअर आहे. लवचिक रोगोव्स्की कॉइल (करंट मोजायची वेटोळी) तिथे स्वतःचा नॉइजच मोजते, मिलिअँपिअर वाचणारा क्लॅम्प घ्या. व्होल्टेज सीव्हीटीवरून (कपॅसिटरवर चालणाऱ्या व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवरून) घेऊ नका. तो 50 हर्ट्झला ट्यून केलेला असतो, वरच्या फ्रिक्वेन्सीला वाटेल ते दाखवतो. आम्ही 33 केव्हीच्या इंडक्टिव्ह पीटीवरून (साध्या व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवरून) घेतलं. मंद वाऱ्यात टीएचडी (त्या वेळच्या करंटवर काढलेली विकृती) 20 टक्के दिसला, तर घाबरू नका. टीडीडी कमाल मागणीच्या करंटवर, आमच्या बाबतीत 175 अँपिअरवर, काढायचा असतो.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, संबंधित सगळ्यांच्या समोर घेतलेल्या मोजणीत 11वा 0.6 टक्के आला.

फिल्टर कपॅसिटर वयाबरोबर उतरतात, तेव्हा दरवर्षी प्रत्येक टर्बाइनचा फिल्टर करंट तिन्ही फेजमध्ये मोजून ठेवा. एकाचा फ्यूज उडाला, तर तो आधी तिथेच दिसतो.