माळ्यावरची पेटी
आज यावलला घरी माळा साफ करताना आबांची पत्र्याची पेटी सापडली, आत पिवळे पडलेले 1996-97चे पेपर. आबांनी भरताची वांगी भाजता भाजता सगळं सांगितलं, मे 96 मध्ये वाजपेयी आले न् 13 दिवसांत राजीनामा, मग जूनमध्ये देवेगौडा, काँग्रेसनं पाठिंबा काढला तसे एप्रिल 97 ला गुजराल, अन् डिसेंबरात लोकसभाच बरखास्त! एका लोकसभेत तीन पंतप्रधान!! खरंच वाईट वाटलं, आपण 5 वर्षांसाठी मत देतो ना. आबा म्हणे, 98 ला केळीला पाणी भरायचं सोडून परत रांगेत उभे राहिलो आम्ही. एका पेपरच्या कडेला त्यांनी निळ्या पेनानं लिहून ठेवलंय, "आता कोण?"