पुरंदरचं अंजीर आणि सातबाऱ्यावरची ज्वारी

पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागाच्या खास मालाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळालं २०१६ साली. गावात बऱ्याच जणांना वाटतं, तालुक्याला मिळालं म्हणजे सगळ्यांना मिळालं. तसं नाही. जीआयचं नाव वापरायचा हक्क कायद्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदलेल्यालाच आहे. त्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याचा अर्ज चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडे जावा लागतो. शुल्क अवघं १० रुपये. २०२० च्या आधी ते ५०० होतं.

माझं घोडं अडलं सातबाऱ्यावर. बाग वडिलांनी लावलेली, झाडांची खोडं मांडीएवढी झालेली आणि पिकाच्या रकान्यात ज्वारी! कुणीतरी जुनी नोंद वर्षानुवर्षं पुढे ओढली होती, बांधावर कुणी फिरकलंच नव्हतं. अंजिराची नोंद दिसल्याशिवाय अर्ज पुढे पाठवणार नाही, असं उत्पादक संघाने सांगितलं आणि ते रास्तच होतं. महसूल कार्यालयात गेलो तर ‘हंगाम संपला, आता नोंद होत नाही’. मग ‘साहेब मिटिंगला गेलेत’. शेवटी तर ‘अंजीर आहे कशावरून?’ मी पाटीच टेबलावर ठेवली. पहाटे तोडलेली फळं, देठाचा चीकसुद्धा वाळलेला नव्हता. “भाऊसाहेब, हे काय ज्वारीला लागलं का?” ते म्हणाले, “लेखी अर्ज आणा.” इतके दिवस हे एक वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, याचा राग अजून जात नाही.

अर्ज दिला, आवक क्रमांकासह पोच घेतली, मग कुठे पाहणीला माणूस आला. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढच्या हंगामात ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, मी स्वतः केली, बागेत उभं राहून फोटो काढला. नोंद लागल्यावर बाकीचं सरळ झालं.

तालुक्याच्या नावाचा ब्रँड करू, असं प्रत्येक सभेत ऐकतो. पंचायत समितीने घाटात फलक लावण्याआधी गावोगावी सातबारा तपासायचं शिबिर घ्यावं, मी स्वतः खुर्च्या मांडायला येईन. पुण्याच्या गुलटेकडी बाजारात आमचा माल आजवर नुसता ‘अंजीर’ म्हणून जायचा. आता खोक्यावर पुरंदरचं नाव हक्काने आहे आणि ते पाहून वडील खूश आहेत.

जमिनीचं खातं सामायिक असेल तर भावाभावांच्या सह्या आधीच घेऊन ठेवा. आणि हे काम बहार संपल्यावर काढा. तोडणी चालू असताना तालुक्याला, सासवडला, फेऱ्या जमत नाहीत.