दारात अडकणारे पाय आणि अलाबामाची डबल सीडी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अमेरिकेत, उत्तर अलाबामातल्या एका आउटपेशंट क्लिनिकमध्ये. नवऱ्याची नोकरी हंट्सव्हिलला म्हणून इकडे आलो आणि इथलेच झालो. माझे पेशंट म्हणजे बहुतेक गुडघे बदललेले, कंबरदुखीवाले आणि थोडे पार्किन्सन्सचे. त्यातल्याच एका आजोबांबद्दल लिहितेय, नाव अर्थात सांगणार नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत.

आजोबा फोर्ट पेनचे. डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव, पण एकेकाळी "जगाची मोज्यांची राजधानी" म्हणून मिरवायचं, शंभराहून जास्त गिरण्या होत्या तिथे फक्त मोज्यांच्या. आजोबांची सगळी नोकरी अशाच एका गिरणीत, विणायच्या मशीनवर. मग बाहेरून स्वस्त माल यायला लागला आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या.

त्यांचा त्रास म्हणजे फ्रीझिंग. मोकळ्या हॉलमध्ये चालायचे, पावलं लहान पडायची पण चालायचे, आणि दार आलं की संपलं, पाय जमिनीला चिकटलेले आणि वरचं अंग पुढे निघालेलं, म्हणजे पडायला अगदी योग्य स्थिती. घरी बाथरूमच्या दारात पडलेही होते. आजी वैतागून नाही पण घाबरून बोलायच्या, "चला ना हनी, चला ना," आणि त्या जितकं चला म्हणायच्या तितके पाय जास्त घट्ट व्हायचे. हे नातेवाइकांना नेहमी सांगावं लागतं की माणूस हट्ट करत नाहीये. चालण्याचा ठेका मेंदू आतल्या आत आपोआप धरतो, पार्किन्सन्समध्ये नेमकी तीच यंत्रणा ढेपाळते. पण ठेका बाहेरून दिला, म्हणजे जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या किंवा कानाला ताल दिला, तर मेंदू दुसरी वाट धरतो आणि पाऊल उचललं जातं. ही काही माझी कल्पना नाही, मायकल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलोरॅडोतला अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झालाय, त्यात पेशंटनी घरी तीन आठवडे तालावर चालायचा सराव केला आणि त्यांच्या चालण्याचा वेग वाढला.

तर मी मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून ठेका देणारं यंत्र, लावला. आजोबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "मॅम, हे टकटक मी जन्मभर गिरणीत ऐकलंय, आता नको." शांतपणे म्हणाले, पण मला ते एकदम पटलं. म्हटलं मग काय ऐकता तुम्ही? ते काही बोलायच्या आत आजी पार्किंगमध्ये जाऊन ट्रकमधून सीडी घेऊन आल्या. कव्हरला तडा गेलेला, कोपरा टेपने चिकटवलेला. अलाबामा या कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाचं संगीत) बँडची 1998 ची डबल सीडी, फॉर द रेकॉर्ड, वर लिहिलेलं 41 नंबर वन हिट्स.

मला हा बँड नावापुरताच माहीत होता. इथे मात्र तो घरचाच आहे. रँडी ओवेन, टेडी जेंट्री, जेफ कुक, तिघं नात्याने भाऊ आणि तिघंही फोर्ट पेनचेच. सत्तरच्या दशकात साउथ कॅरोलायनात मर्टल बीचला बावरी नावाच्या बारमध्ये लोक टाकतील त्या टिपांवर वाजवायचे, तेव्हा नाव होतं वाइल्डकंट्री. 1980 ला आरसीए या रेकॉर्ड कंपनीने घेतलं आणि मग नंबर वन गाण्यांची रांगच लागली, 1982 ते 84 सलग तीन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा एंटरटेनर ऑफ द इयर पुरस्कार. तेव्हा कंट्रीत एकटा गायक पुढे आणि वादक मागे असा प्रकार होता, स्वतःच गाणारा आणि स्वतःच वाजवणारा बँड एवढा मोठा होऊ शकतो हे यांनी दाखवलं. आणि एवढं होऊनही गावी येऊन जून जॅम नावाचा चॅरिटी शो करायचे, 1982 पासून 97 पर्यंत. आजोबा तिथे जायचे, उन्हात भाजून यायचे असं आजी म्हणाल्या.

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी हेडफोन लावून ती सगळी गाणी ऐकायला बसले, एका हाताने टॅप टेम्पो ॲपवर ठेका मोजत आणि दुसऱ्या हाताने वहीत लिहीत. कारण पेशंटचं आवडतं गाणं लावलं की काम झालं असं नसतं. आधी त्याची स्वतःची चाल मोजायची, मिनिटाला किती पावलं, मग त्या वेगाचं गाणं घ्यायचं आणि जमलं तर हळूहळू पाच ते दहा टक्के वाढवायचं. ठेका ड्रम्समध्ये स्पष्ट हवा, मध्ये थांबायला नको, गायक कितीही रेंगाळला तरी खालचा ताल हलायला नको. फील्स सो राइट, ओल्ड फ्लेम ही प्रेमाची संथ गाणी चालायला निरुपयोगी, ती शेवटच्या स्ट्रेचिंगला ठेवली. साँग ऑफ द साउथ मात्र मला ऐकताक्षणी आवडलं, कापूस पिकवणाऱ्या गरीब घराची मंदीच्या काळातली गोष्ट आहे, शेत जातं, मग बापाला टीव्हीएत म्हणजे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेत नोकरी लागते, आणि ठेका कसा तर सरळ, खणखणीत. फॉर्टी अवर वीक पण घेतलं, ते सगळं गाणंच कामगारांसाठी आहे, डेट्रॉइटचे गाड्या बनवणारे, पिट्सबर्गचे पोलादवाले. गाण्याचा वेग हवा तसा थोडा कमी-जास्त करणारं ॲप आहे माझ्याकडे, सूर न बदलता, त्यामुळे आजोबांच्या चालीशी जुळवता आलं.

आणि मग आलं डिक्सीलँड डिलाइट. 1983 चं गाणं. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाच्या फुटबॉल मॅचला चौथ्या क्वार्टरमध्ये अख्खं स्टेडियम गातं ते. आजोबांचं सगळ्यात लाडकं, आजींनी दोनदा बजावलं होतं की हे नक्की घ्या. सुरुवात एकदम आरामात, चालायला मस्त. पण शेवटी फिडल, म्हणजे व्हायोलिन, सुटतं आणि वेग असा चढतो, असा चढतो, लेझीम रंगात आल्यावर हलगीवाला कसा कुणाचं ऐकत नाही तसं. ऐकायला काय सुंदर आहे! पण पार्किन्सन्सच्या माणसाला हेच धोक्याचं, कारण त्यांच्यात फेस्टिनेशन होतं, पावलं आणखी आणखी लहान आणि वेगात पडत जातात, माणूस स्वतःच्या वजनामागे धावायला लागतो आणि त्याला थांबता येत नाही. वाढता ठेका म्हणजे त्याला पाठीमागून ढकलणंच. वहीत मी त्या गाण्यासमोर लाल पेनाने लिहिलं, शेवटी उभं ठेवायचं नाही.

पुढच्या सेशनला आजोबा गोळी घेऊन बरोबर वेळेत आले होते. कमरेला गेट बेल्ट, म्हणजे चालताना पेशंटला धरायचा पट्टा, बांधला, मी डाव्या बाजूला किंचित मागे, सहकारी व्हीलचेअर घेऊन मागोमाग. आधी बसल्या जागी फक्त टाच आपटत ताल पकडायला लावला, पकडला, मग उभं केलं आणि उभ्या उभ्या वजन या पायावरून त्या पायावर. घाई नाही केली. मग साँग ऑफ द साउथ सुरू ठेवून जिममधून कॉरिडॉरकडे निघालो. मध्ये दार. रोज अडकायचं ते दार.

दाराच्या चार फुटांवर त्यांचं पाऊल लहान झालं, मला बेल्टमधून जाणवलं की वजन पुढे जातंय, मी घट्ट धरलं आणि काहीच बोलले नाही. तोंडाने सूचना दिली की ताल तुटतो. आणि आजोबा गायला लागले. आवाज पार्किन्सन्समुळे बारीक झालेला, पुटपुटल्यासारखा, पण शब्द बरोब्बर तालावर, आणि त्या तालावर उजवा पाय उचलला, उंबऱ्याची धातूची पट्टी ओलांडली, मग डावा. न थांबता पार. कॉरिडॉरच्या टोकाला वळून परत, पुन्हा तेच दार, पुन्हा पार! आजी खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या, तोंडावर हात. माझ्या सहकाऱ्याचा जन्म त्या सीडीच्या नंतरचा असेल, तोही सगळं गाणं पाठ असल्यासारखा गात होता, कारण इथे ते पाठच असतं.

बसवून पाणी दिलं. दम खाऊन आजोबा म्हणाले, "जेफला पण हेच झालं होतं, माहितीये ना?" जेफ कुकला पार्किन्सन्स होता, 2017 ला त्याने जाहीर केलं, पुढे बँडबरोबर नेहमीचे दौरे थांबवले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तो गेला. गिटार, फिडल, कीबोर्ड, हातात येईल ते वाजवणारा माणूस. आजोबा स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "मी निदान हातावर पोट असलेलं काम आधीच संपवलं होतं. त्याच्या हातातलं तर गाणंच गेलं." मला काय बोलावं सुचेना. मी त्यांचा हात धरून बसले थोडा वेळ, बिलिंगच्या मिनिटांत ते बसत नाही पण बसले.

मग त्यांनी विचारलंच, "डिक्सीलँड कुठंय?" मी खरं ते सांगितलं, शेवटचा भाग तुम्हाला पाडेल. मुलाला सांगून शेवट कापून घेऊ का, असं आजींनी सुचवलं. आजोबा ठाम, गाणं कापायचं नाही. मला त्यांचं म्हणणं योग्यच वाटलं, चाळीस वर्षं ज्या शेवटाची वाट बघत माणूस ते गाणं ऐकतो तो शेवट काढून त्याला बाकीचं काय द्यायचं. मग असं ठरवलं की आरामाचा भाग चालत, फिडल सुटायच्या आधी खुर्चीजवळ पोचायचं, बसायचं, आणि वेगाचा सगळा भाग बसून करायचा, हात खांद्यापासून पूर्ण उघडून, पाय गुडघ्यापासून उचलून, जेवढं मोठं जमेल तेवढं मोठं. पार्किन्सन्समध्ये हालचाली लहान होत जातात, त्यामुळे मुद्दाम मोठी हालचाल करणं हा व्यायामच आहे, आणि बसून पडायची भीती नाही. केलं आम्ही. पलीकडच्या टेबलावर गुडघ्याला बर्फ लावून पडलेल्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. आजोबांचा चेहरा, जो या आजारात मुखवट्यासारखा होतो आणि लोकांना वाटतं माणूस रागावलाय, तो चक्क हलला, एका बाजूने का होईना पण हसले.

इन्शुरन्सच्या मंजूर व्हिजिट्स संपायला आल्या तेव्हा घरच्या व्यायामाचा कागद केला. तुम्हीही कुणासाठी असं काही करणार असाल तर आधी थेरपिस्टला चाल मोजून गाणी निवडून घ्या, मनाने लावू नका. आमच्या कागदावर बाथरूमला जाताना साँग ऑफ द साउथ, अंगणात फॉर्टी अवर वीक, रात्री स्ट्रेचिंगला ओल्ड फ्लेम, आणि डिक्सीलँड डिलाइटपुढे मोठ्या अक्षरात, फिडल सुरू होण्याआधी खुर्चीत. आजींनी तो कागद घडी करून सीडीच्या कव्हरमध्ये घातला आणि विचारलं, चर्चच्या दारासाठी कुठलं? ते मी अजून शोधतेय, तिथे स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे बहुतेक मनातल्या मनात गायचा सराव करून घ्यावा लागेल, पुढच्या आठवड्यात त्यालाच सुरुवात करतोय.