मुंबई-गोवा महामार्ग, मे २०२५: ‘रस्ता झालाय’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठून कुठपर्यंत?

ऑफिसातल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, “रस्ता झालाय रे. सावंतवाडी म्हणजे आता नऊ तास.” आम्हाला पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून सावंतवाडी गाठायला सव्वाचौदा तास लागले, आणि त्यातले पाच तास चिपळूणच्या पुढच्या एका पट्ट्याने खाल्ले. हे लिहितोय ते त्या पट्ट्यासाठी. बाकीचा रस्ता तुम्ही कसाही काढाल.

मी आणि मेहुणा, दोन बाइक. तुम्हाला दिवसाला चारशे किलोमीटर बसायची सवय आहे आणि जॅकेट, ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वर येणारे बूट अंगावर आहेत, असं धरून चालतो. पंक्चर किटही असेलच. माझ्याकडेही होतं. घरी, कपाटात.

पहाटे पाचला पळस्प्याहून निघालो. हा रस्ता आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘सतरा नंबर’च आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा हा सहासष्ट झाला, आणि तो गोव्याला थांबत नाही, थेट कन्याकुमारीला जातो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. त्यानंतर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आखला गेला, बांधला गेला आणि ५ जून २०२५ ला पूर्ण खुलाही झाला. इथे मात्र इंदापूर आणि माणगाव ही दोन गावं अजून पोटातूनच पार करावी लागतात, बायपास अर्धवट पडलेत. कर्नाळा-वडखळ-नागोठणे-कोलाड हा भाग पहाटे ठीक आहे. अट एकच, सकाळी आठच्या आत माणगावच्या पलीकडे असा. आम्ही सव्वासातला होतो म्हणून वाचलो. शनिवारी दहाला पोहोचलात तर एसटी, वडाप आणि उसाच्या रसाच्या गाड्या यांच्यात तासभर क्लच दाबत बसाल.

महाडजवळ सावित्रीच्या पुलावर थांबलो. थांबायचं काही कारण नव्हतं, पण थांबलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला सुरू झाला. मनात आणलं की किती दिवस लागतात, याचा हा पुरावा या रस्त्यावरच उभा आहे. पुढचे पाच तास मला हा आकडा आठवत होता.

पोलादपूर सोडलं की कशेडी. जुना घाट ज्यांनी ट्रकच्या मागे फर्स्ट-सेकंडमध्ये रखडत काढलाय त्यांना जुळ्या बोगद्यांची किंमत कळेल. दोनेक किलोमीटर, की पलीकडे रत्नागिरी जिल्हा. २०२३ च्या गणपतीत एक बोगदा हलक्या वाहनांना सोडला होता, आता दोन्हीतून वाहतूक चालते. हेल्मेटची काच काळी असेल तर बोगद्याच्या तोंडाशीच वर करा. उन्हातून आत शिरल्यावर पहिले काही क्षण ठार आंधळे होता, आणि पुढे पाणी ठिबकून ओला झालेला पट्टा असू शकतो.

खेड, भोस्ते घाट, परशुराम घाट, हे सगळं झकास. परशुराम घाटात कडेच्या संरक्षक भिंतींकडे बघत पावसाळ्यात काय होत असेल असं वाटतं, पण मेमध्ये काही त्रास नाही. सव्वादहाला नाश्ता वगैरे उरकून चिपळूण. बहादूरशेख नाक्याचा बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल ऑक्टोबर २०२३ मध्ये कोसळला होता. तिथे खालून जाताना मान आपोआप वर जाते. मेहुणा म्हणाला, “भावोजी, पाचपर्यंत सावंतवाडी, लिहून घ्या.” मी हो म्हटलं.

इथेच फसायला होतं. या रस्त्याचं वाईट काम तुम्हाला मारत नाही, चांगलं काम मारतं. सावर्डे गेलं, चारपदरी सिमेंटवर ऐंशीचा वेग हाताला बसला, आणि आरवलीच्या पुढे काँक्रीट संपलं. कापून टाकल्यासारखं. समोर चुना फासलेली तीन पिंपं, त्यांना बांधलेली फाटकी लाल-पांढरी पट्टी, डावीकडे मुरुमाचा उतार. ‘वळण रस्ता’ अशी पाटी आहे, पण ती वळणाच्या अलीकडे नाही, वळणावर आहे. रात्री ती दिसणार नाही, पिंपंही दिसणार नाहीत.

आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड, असे कामाचे दोन तुकडे, मिळून नव्वदेक किलोमीटर. सलग खराब असता तर परवडलं असतं. पण तीन किलोमीटर गुळगुळीत, दीड किलोमीटर खडी, मग जुनं डांबर, मग एका बाजूचंच काँक्रीट आणि त्यावर दोन्हीकडची वाहनं. तिसऱ्या-चौथ्या वेळी गुळगुळीत लागलं की माणूस परत वेग घेतोच. घेऊ नका. वाकेड जाईपर्यंत पन्नासच्या वर काटा नको.

नवा काँक्रीटचा थर आणि शेजारचं जुनं डांबर यांच्यात वीतभर पायरी आहे. कार कशीबशी चढते. बाइक तिरपी घातलीत तर पुढचं चाक कडेला घासत राहतं, चढत नाही, आणि तुम्ही आडवे. मेहुणा संगमेश्वरच्या अलीकडे असाच पडला. वेग पंधराचा होता म्हणून क्रॅशगार्ड वाकण्यावर निभावलं. अशा ठिकाणी थांबा, बाइक पायरीला काटकोनात आणा, फूटपेगवर उभे राहा आणि एकदाच चढवा.

दुसरं, पाण्याचा टँकर. धूळ बसावी म्हणून तो मुरुमावर पाणी मारत जातो आणि त्याच्या मागे लाल सायीसारखा थर तयार होतो. वरून नुसता ओलसर दिसतो, खाली बर्फ. टँकर पुढे दिसला की बाजूला घ्या, दहा मिनिटं पाणी प्या. आम्ही घाई केली, मागचं चाक दोनदा सरकलं.

संगमेश्वरात कोकम सरबत घेतलं. टपरीवाले काका आमच्या कपड्यांकडे बघून म्हणाले, “काम सुरू झालं तेव्हा पोरगा शाळेत होता. आता कामावर जातो, ह्याच रस्त्यानं.”

निवळी घाट आणि हातखंब्याचा उतार सगळ्यात वाईट. उतार, वळण, खडी आणि मागे लोडेड ट्रेलर, चारही एकत्र. तिथे ट्रेलरला पुढे जाऊ द्या.

पालीच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. सळया बांधायच्या बाइंडिंग वायरचा बोटभर तुकडा. काम चालू असलेल्या भागात अशा वायरी जागोजाग पडल्यात, कडेने चालवायचा मोह टाळा. ढकलत एका टायरवाल्याकडे गेलो. उन्हाने मेंदू उकळला होता, चहा प्यायला समोर गेलो. परत आलो तर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे चार ठिकाणी. “चार पंक्चर हायत, साहेब.” एकाचे दीडशे, सहाशे रुपये झाले. तेव्हा दिले. संध्याकाळी सावंतवाडीत निवांत बघितलं तर तीन भोकं एका ओळीत, सारख्या अंतरावर, वायर शिरलेल्या जागेपासून पार लांब. टायर त्याच्या ताब्यात देऊन चहाला जाऊ नका. पहिलं पंक्चर सापडलं की तिथेच खडूने खूण करा, दर आधी ठरवा, आणि टोच्या त्याच्या हातात असेपर्यंत नजर हलवू नका. दीड तास गेला तो वेगळाच.

सव्वाचारला लांजा. वाकेड ओलांडलं आणि रस्ता असा काही उघडला की मी हेल्मेटमध्ये ओरडलो. राजापूर, खारेपाटण, कणकवली, कुडाळ, सगळं अखंड चारपदरी. सव्वासातला सावंतवाडी. परत आल्यावर ऑफिसातल्या त्या गृहस्थांना खोदून विचारलं तेव्हा कळलं, ते कोल्हापूरवरून गगनबावडामार्गे उतरले होते आणि महामार्ग त्यांनी तळेरे ते कुडाळ एवढाच पाहिला होता. खोटं काहीच बोलले नव्हते.

तीन दिवस वेंगुर्ल्यात मजेत गेले.

निकाल सांगतो. मुंबईहून बाइकने जात असाल तर चिपळूणला मुक्काम करा आणि हा पट्टा सकाळी सहा ते नऊमध्ये उरका. अंधार पडल्यावर आरवलीच्या पुढे जाऊ नका, कितीही उशीर झालेला असो. वेळ असेल तर चिपळूणहून गुहागर, तवसाळ, फेरीबोटीने जयगड, मग गणपतीपुळे-रत्नागिरी असं किनाऱ्याने जा. एक दिवस जास्त लागेल, पण मणका शाबूत राहील. थेट सावंतवाडीच गाठायची असेल तर पुण्यावरून कोल्हापूर आणि आंबोली. आम्ही परत तसेच आलो. कोल्हापूर ते सातारा तिथेही सहापदरीचं काम आणि वळणरस्ते आहेत, पण पाट्या वळणाच्या अलीकडे आहेत. तेवढ्यावर मी खूश होतो.

बाइक त्याच संध्याकाळी धुवा. मी चौथ्या दिवशी धुतली. सिमेंटचं पाणी चेनवर दगड होऊन बसलं होतं, शेवटी चेन-स्प्रॉकेट बदलावं लागलं.

मेहुणा गणपतीला याच रस्त्याने जायचं म्हणतोय, कार घेऊन. पास काढला की टोल माफ असतो, हा त्याचा मुद्दा. मी रेल्वेचं तिकीट काढलंय. वेटिंग २१४.