डीडीआर४ की डीडीआर५: रॅमची बँडविड्थ मोजताना आलेला अनुभव

गेल्या हिवाळ्यात घरच्या संगणकावर, ग्राफिक्स कार्ड नसताना, एक भाषा-मॉडेल चालवून पाहण्याचा उद्योग मी आरंभला. मॉडेल ७ अब्ज पॅरामीटरचे होते आणि ४ बिटांत बसवल्यावर त्याचा आकार सुमारे ४ गिगाबाइट झाला होता. प्रत्येक नवे टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा, काढताना प्रोसेसरला हे जवळजवळ सगळे ४ गिगाबाइट रॅममधून वाचावे लागतात. त्यामुळे सेकंदाला किती टोकन मिळतील हे मुख्यतः रॅमच्या बँडविड्थवर, म्हणजे ती सेकंदाला किती माहिती देऊ शकते यावर, ठरते. मला जेमतेम पाच मिळत होते. माझी रॅम डीडीआर४ या जुन्या पिढीची, डीडीआर५ ही तिच्यानंतरची. कार्यालयातील सहकाऱ्याचे निदान तयारच होते: “डीडीआर४ आहे ना, मग असंच होणार. डीडीआर५ घ्या.”

पैसे खर्च करण्यापूर्वी मी कागदावर हिशेब मांडला. माझी रॅम डीडीआर४-३२००, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी हस्तांतरणे; चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधली वाट, ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइटांचा; गुणाकार २५.६ गिगाबाइट आणि दोन चॅनेलचे मिळून ५१.२. डीडीआर५-४८०० साठी हेच आकडे ३८.४ आणि ७६.८ येतात. हा अर्थात कमाल वेग झाला. रॅमला मधूनमधून रिफ्रेश करावे लागते, वाचनाकडून लेखनाकडे वळताना ही वाट काही क्षण रिकामी राहते, त्यामुळे तो पूर्ण कधीच हाती लागत नाही. तरीही ५१.२ ला ४ ने भागल्यास जवळजवळ १३ येतात, आणि माझ्या पदरात मात्र पाच. ही तूट रिफ्रेशच्या खाती घालता येण्याजोगी नव्हती.

मोजणीसाठी मी जॉन मॅकॅल्पिन यांचा ‘स्ट्रीम’ हा प्रोग्राम निवडला. तो मोठमोठ्या अ‍ॅरेंवर, म्हणजे संख्यांच्या रांगांवर, साधी गणिते करून वेग मोजतो. त्याचा एक नियम असा की प्रत्येक अ‍ॅरे प्रोसेसरमधील शेवटच्या पातळीच्या कॅशच्या (छोट्या, वेगवान मेमरीच्या) किमान चौपट असावा, नाहीतर आपण रॅमऐवजी कॅशच मोजत बसतो. माझ्या आय५-१२४०० प्रोसेसरमध्ये ही कॅश १८ मेगाबाइट आहे, म्हणजे प्रोग्राममधील मूळची १ कोटी घटकांची (प्रत्येकी ८ बाइट) संख्या कशीबशी पुरते. अधिक खबरदारी म्हणून मी १० कोटी घटक घेतले आणि प्रोग्रामचे भाग जोडणाऱ्या लिंकरने ‘रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट’ असे सांगून काम नाकारले. तिन्ही अ‍ॅरे मिळून २.४ गिगाबाइट होत होते आणि कंपायलरच्या नेहमीच्या मेमरी मॉडेलची २ गिगाबाइटची हद्द ओलांडली गेली होती. ८ कोटी घेतले असते तर संध्याकाळ वाचली असती.

शेवटी ट्रायडचा, म्हणजे दोन अ‍ॅरे वाचून तिसऱ्यात लिहिणाऱ्या चाचणीचा, आकडा आला: सेकंदाला सुमारे १७ गिगाबाइट. हार्डवेअरची माहिती दाखवणारा डीएमआयडीकोड हा प्रोग्राम चालवून पाहिला, तर वेग ३२०० च दिसत होता, पण ८-८ गिगाबाइटच्या दोन्ही स्टिकपुढे चॅनेल ‘ए’ लिहिलेले होते. कॅबिनेट उघडले. प्रोसेसरच्या बाजूने पहिल्या दोन स्लॉटमध्ये दोन्ही स्टिक एकमेकींना खेटून बसवलेल्या होत्या आणि पलीकडचे दोन रिकामे स्लॉट धूळ खात होते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत दोन स्टिकसाठी दुसरा आणि चौथा स्लॉट स्पष्ट छापलेला आहे. ज्याने संगणक जुळवून दिला त्याला फोन केला, तर तो म्हणाला, “सोळा जीबी दिसतेय ना? मग अडचण काय आहे?” अडचण अशी होती की क्षमता पूर्ण होती आणि वाट अर्धी. स्टिक योग्य जागी बसवून खटके दाबले आणि ट्रायड ३४ वर गेला.

तरी ५१.२ पुढे ३४ थोडेच वाटत होते. येथे स्ट्रीमची मोजण्याची रीत समजून घ्यावी लागली. ट्रायडच्या प्रत्येक फेरीत तो २४ बाइट धरतो; प्रत्यक्षात ज्या कॅश-लाइनवर (कॅशमध्ये एका वेळी येणाऱ्या ६४ बाइटांच्या तुकड्यावर) लिहायचे ती प्रोसेसर साधारणपणे आधी वाचून आणतो, म्हणून वाहतूक ३२ बाइटांची होते. ३४ चे तसे ४५ होतात, म्हणजे कमाल वेगाच्या ८८ टक्के.

आता डीडीआर५. कार्यालयात याच प्रोसेसरचा एक संगणक होता, त्यात डीडीआर५-४८०० ची १६ गिगाबाइटची एकच स्टिक. तेथे ट्रायड आला २५, माझ्या जुन्या रॅमपेक्षाही कमी! सहकाऱ्याचा यावर विश्वास बसेना, कारण डीडीआर५ च्या एका स्टिकमध्ये दोन उपचॅनेल असतात हे त्याने वाचले होते. ते खरेच आहे. पण प्रत्येक उपचॅनेल ३२ बिटांचा असतो. एका दमात १६ हस्तांतरणे करून तो ६४ बाइटांची कॅश-लाइन भरतो, तर डीडीआर४ ८ हस्तांतरणांत तेवढीच भरते. एकूण रुंदी ६४ बिटांचीच राहते. परवानगी काढून शेजारच्या संगणकातील तशीच स्टिक तासाभरासाठी मागून आणली आणि ट्रायड ५० वर पोहोचला. माझ्या ३४ च्या जवळजवळ दीडपट, म्हणजे कागदावरचा हिशेब खरा ठरला.

आमच्या नेहमीच्या प्रोजेक्टचे कंपाइलेशन मात्र दोन्हीकडे सारख्याच वेळात झाले. तेथे बँडविड्थ अडत नाही, आणि विलंबात नवी रॅम पुढे नाही: सीएल म्हणजे मागणीनंतर माहिती येईपर्यंत लागणारी घड्याळाची आवर्तने; माझ्या स्टिकचे सीएल२२ म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद, तर त्या स्टिकचे सीएल४० म्हणजे १६.७.

डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती माझ्या मदरबोर्डावर बसतच नाही. रॅमबरोबर बोर्डही घ्यावा लागला असता. स्लॉट बदलल्यावर मॉडेल सेकंदाला दहा टोकन देऊ लागले होते, आणि नव्या जोडीने ते पंधराच्या आसपास गेले असते. त्या पाच टोकनांसाठी मी खरेदी केली नाही.