तरण्या-म्हाताऱ्या पावसात पळणारी माणसं

आर्द्रा लागल्या की सगळ्यांनाच पळावंसं वाटतं. पहिला पाऊस, मातीचा वास, अजिंक्यताऱ्यावर उतरलेले ढग. त्या दिवसांत पहाटे साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पळणाऱ्यांची नुसती जत्रा असते. खरी कसोटी लागते जुलैत. पुनर्वसूचा तरणा पाऊस सरून पुष्याचा म्हातारा सुरू होतो, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, आणि पहाटे गजर होतो तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजतच असतो. आमच्या ग्रुपमधली माणसं गळायला लागतात ती नेमकी याच दिवसांत.

आणि आमची अडचण अशी, की सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते पावसाळा सरता सरता. २०१२ पासून ही शर्यत होते. शहरातून निघायचं, समर्थ मंदिरावरून वर सरकत यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेनं खाली यायचं, एकूण २१.१ किलोमीटर. सपाटीवर कितीही पळालात तरी घाट घाटच असतो. चढाला छाती भरून येते, उताराला मांड्या बोलायला लागतात. त्यामुळे ज्याला ही शर्यत पळायची त्याला जुलै-ऑगस्टच्या पावसात घाटात जाण्यावाचून गत्यंतर नाही.

एकटीनं हे जमतं असं मला वाटत नाही. निदान मला तरी जमत नाही, आणि ज्यांना जमतं अशी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. ग्रुप हवाच. पण ग्रुप टिकतो कशानं, हे आमच्यात बरेच पावसाळे गेल्यावर उमगलं. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणाऱ्या सुविचारांनी एकही माणूस पांघरुणाबाहेर आलेला नाही. वेगाचे आकडे टाकून तर उलटंच होतं. पावसात सगळ्यांचाच वेग पडतो, आणि आकडा पडला की ज्याला फक्त आकड्याचंच वेड आहे तो आधी गळतो.

पूर्वी रात्री मेसेज पडायचा, 'उद्या कोण कोण?' पाऊस असला की त्यावर शांतता. एकानं 'बघू सकाळी' लिहिलं की सगळ्यांचं 'बघू सकाळी'. आमच्यातले पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक मामा आहेत, त्यांनी हा प्रश्न विचारायलाच बंदी घातली. आता ठरलेलं असतं : मंगळवार, गुरुवार, रविवार. येणार नसेल त्यानं रात्री नऊच्या आत सांगायचं, आणि पळण्यातल्या आपल्या जोडीदाराला फोन करून सांगायचं. ग्रुपवर नुसतं टाकून चालत नाही. पहाटे पाऊस बघून निर्णय फिरवायचा नाही. मामांचं म्हणणं असं की पहाटे साडेचारला माणसाला अक्कल नसते, त्या वेळी विचार करूच नये.

माझी जोडीदार म्हणजे औषधाचं दुकान चालवणारी एक ताई. ती माझ्या वाटेवर राहते. कॉलनीच्या फाटकाशी, दिव्याखाली, डोक्यावर टोपी, अंगावर पातळ विंडचीटर, पायात आधीच भिजलेले बूट, अशी ती उभी असते. पाऊस तिरपा येत असतो आणि ती जागेवरच पाय हलवत असते, कारण उभं राहिलं की गारठा चढतो. ती तिथं अशी उभी आहे हे मला ठाऊक असतं. त्यानंतर मला वेगळ्या प्रेरणेची गरज उरत नाही. ती रात्री दहापर्यंत दुकानात उभी असते, मग घरचं आवरून झोपते, आणि तरी पाचला फाटकात असते. अशा बाईला पावसात ताटकळत ठेवून आपण पांघरुणात पडून राहायचं, हे होऊच शकत नाही.

गारठ्याबद्दल थोडं लिहिते, कारण नवीन लोक इथंच फसतात. हवामानाच्या अ‍ॅपवर वीस-एकवीस अंश दिसतात, म्हणजे थंडी नाहीच. पण ओल्या कपड्यांतून अंगाची ऊब फार झपाट्यानं जाते. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगानं उष्णता ओढून नेतं, आणि वर घाटात वारा असतो. पळताना काही जाणवत नाही, थांबलात की दातावर दात आपटतात. सुती टी-शर्ट तर घालूच नका, तो पाणी धरून ठेवतो. काखेत, मांड्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल. टोपीला पुढं झापड हवं, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. कोरडा टी-शर्ट आणि पंचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीत. घरी आल्यावर बुटांतले सोल बाहेर काढायचे आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे. गुरुवारी बूट कोरडा मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. ओल्या बुटाकडं बघून घरी राहिलेली माणसं मला माहीत आहेत.

याच गारठ्यामुळे आम्ही घाटातली पद्धत बदलली. आधी जलद पळणारे वर जाऊन मागच्यांची वाट बघत उभे राहायचे. वर ते कुडकुडायचे, आणि मागून येणाऱ्याला आपल्यामुळे चौघं गारठतात याचा संकोच वाटायचा. दोन-तीन रविवार असं झालं की ते माणूस येणंच बंद. आता वर पोचलेला थांबत नाही, लगेच वळून खाली येतो, शेवटच्या माणसाला गाठतो आणि त्याच्यासोबत पुन्हा वर जातो. जलद पळणाऱ्याचा घाट दीडपट होतो, अंग गरम राहतं, आणि शेवटच्याला सोबत मिळते. मागच्या पावसाळ्यात कायम शेवटी असणाऱ्या एक शिक्षिका या एका बदलामुळे टिकल्या. धुक्यात पुढचं वळण दिसत नाही, आणि तेवढ्यात वरून कुणाच्या तरी बुटांचा चपचप आवाज येतो आणि हाक येते, 'बाई, आलोच!' त्या म्हणतात, त्या हाकेसाठी मी येते. मला हे अगदी खरं वाटतं.

काही बाबतीत मात्र हट्ट नको. वीज कडाडत असेल तर घाटात जायचं नाही. मुसळधार पाऊस सलग झाला असेल तरी नाही, कारण दरडीचे दगड रस्त्यावर येतात. कठड्याच्या कडेला शेवाळ असतं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की तेलासारखे निसरडे होतात, म्हणून उताराला पावलं आखूड. धुक्यात पाठीवर लाल दिवा हवाच. रविवारी कासकडं जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून सुरू होतात, आणि धुक्यात चालकाला आपण दिसत नाही.

अशा दिवशीही भेटायची वेळ मात्र तीच. एकाच्या इमारतीखाली पार्किंग मोठं आहे, तिथं जमायचं. जिन्याच्या पायऱ्या, बैठका, पोटऱ्यांचे व्यायाम, सगळं पाऊण तासात आटपतं. गेल्या वर्षी त्या इमारतीतले दोघे जण आमचा आवाज ऐकून खाली आले होते, चौकशी करायला. यंदा ते घाटात येतात, आणि मंगळवारचा आल्याचा चहा त्यांच्याकडून असतो.